सगोत्र कांदा

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, पुष्कळ मराठी घरांत कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ आणि भरली वांगी यांचा यथेच्छ समाचार घेतला जातो आणि मग चातुर्मासभर कांदा ओट्यावरून हद्दपार होतो. भाद्रपदात दही वर्ज्य मानणारे काही काटेकोर व्रतस्थ सोडले, तर दह्याच्या वाट्याला असा वनवास येत नाही. ते उपासाला चालते, नैवेद्याला चालते आणि परीक्षेला निघालेल्या मुलाच्या तळहातावर साखरेसह पडते. कांदा आणि दही यांच्यामध्ये स्वयंपाकघराने आखलेली ही रेघ मला मोठी मौजेची वाटते, कारण जीवशास्त्रानेही सजीवसृष्टीतली सर्वांत ठळक रेघ याच दोघांमधून नेली आहे. मात्र तिथे कांदा आणि कांदा न खाणारा माणूस हे दोघे रेघेच्या एकाच बाजूला येतात, आणि पलीकडच्या बाजूला राहतात ते दह्यातले जिवाणू.

कांद्याची बाजू पाहणे सोपे आहे. मांसल पाकळीच्या आतल्या अंगाचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने सोलून काचपट्टीवर पाण्यात पसरावा, त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकावा आणि साध्या शालेय सूक्ष्मदर्शकातून पाहावे. साधारण पाव मिलिमीटर लांबीच्या, एकमेकींना खेटून बसलेल्या लांबट पेशी दिसतात आणि प्रत्येकीत, बहुधा एका कडेला सरकलेला, पिवळसर तपकिरी ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे केंद्रक, पेशीची आनुवंशिक माहिती जपणारा कप्पा. ते कडेला सरकते, कारण पेशीचा बहुतेक मध्यभाग रसाने भरलेल्या रिक्तिकेने व्यापलेला असतो. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात पेशी पाहिल्या, पण त्या मेलेल्या होत्या. त्याला दिसल्या त्या केवळ भिंती. केंद्रकाला पेशीचा नेहमीचा घटक म्हणून ओळख मिळाली ती रॉबर्ट ब्राऊनने १८३१ साली ऑर्किडच्या पेशींचे निरीक्षण केले तेव्हा. पाण्यातल्या सूक्ष्म कणांच्या अखंड थरथरीला ज्याचे नाव मिळाले, तो हाच ब्राऊन. एका माणसाने भिंगातून किती पाहावे याला काही मर्यादा नव्हती असे दिसते.

आता गालाच्या आतून हलकेच खरवडून काढलेला थर मिथिलीन ब्लूने रंगवून पाहिला, तर चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी दिसतात आणि त्यांच्यातही तसाच एक गडद निळा ठिपका असतो. शाळेत या दोन आकृत्या शेजारी शेजारी काढायला लावतात आणि फरक लिहायला सांगतात: इकडे पेशीभित्तिका आहे, तिकडे नाही, इकडे रिक्तिका मोठी, तिकडे लहान, इकडे हरितलवके (सूर्यप्रकाशावर अन्न बनवणारे हिरवे कण), तिकडे नाहीत. (कांद्याच्या त्या पांढऱ्या पापुद्र्यात हरितलवके मुळीच नसतात, तरी सवयीने हिरवे ठिपके काढणारी मुले दरवर्षी निघतातच.) वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी यांच्यातला फरक सांगणारा हा प्रश्न इतका पाठ होतो, की या दोन पेशी मुळात किती सारख्या आहेत हे सांगायचेच राहून जाते, आणि माझ्या मते महत्त्वाचे ते आहे. दोघींत गुणसूत्रे दुपदरी आवरणाच्या आत जपलेली आहेत, दोघींत ऊर्जा तंतुकणिकांत तयार होते, दोघींत प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्गी संकुलाकडे आणि तिथून मुक्कामाला जातात. ही दृश्यकेंद्रकी, म्हणजे केंद्रक असलेल्या, पेशींची रीत, आणि ती कांद्यात, अळंबीत, अमिबात आणि आपल्यात एकच आहे.

दह्यातल्या जिवाणूंची रीत निराळी. आपल्या विरजणात घरोघरी थोडे वेगळे जिवाणू असतात, पण गोल मण्यांच्या माळा आणि सडसडीत दांडके हे दोन आकार बहुधा सापडतात. दांडक्यांपैकी एक प्रसिद्ध जात स्टॅमेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ साली जिनिव्हात शोधली आणि ती त्याच्या देशाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. या पेशी एका मायक्रोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंतच्या, म्हणजे कांद्याच्या एका पेशीच्या लांबीवर शंभरएक सहज ओळीने मावतील अशा. त्यांना केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, रिक्तिका नाही. वर्तुळाकार डीएनए पेशीद्रव्यातच गुंडाळलेला असतो. पाठ्यपुस्तके त्यांना आदिकेंद्रकी म्हणतात आणि हे वर्णन नेहमी ‘नाही, नाही’ असेच करतात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की या बिचाऱ्या अर्धवट राहिलेल्या पेशी असाव्यात. वस्तुतः रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की हे अर्धवट जीव सकाळपर्यंत कितीदा तरी दुप्पट होतात, दुधातल्या साखरेचे आम्ल करतात, त्या आम्लाने दुधातले प्रथिन गोठते आणि भांडे आडवे केले तरी हलणार नाही असे दही लागते. केंद्रक नसल्याने त्यांचे काहीएक अडत नाही.

केंद्रक हे नाव मोठे असले, तरी खरा भेद कप्प्यांचा आहे, आणि त्याचा दाखला कांदा चिरताना डोळ्यांना मिळतो. लासलगावच्या बाजारात पोत्यांत भरलेला कांदा कोणाच्या डोळ्यांत पाणी आणत नाही (भाव ऐकून येते ते पाणी वेगळे). सुरी लागली की आणतो. याचे कारण असे की कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त द्रव्य पेशीद्रव्यात असते आणि त्यावर काम करणारे अलिनेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) रिक्तिकेत बंद असते. मधला पातळ पडदा शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. सुरी तो पडदा फाडते, विकर आणि द्रव्य एकत्र येतात, आणि त्यातून जे तयार होते त्यावर दुसरे एक विकर काम करून डोळे झोंबवणारा वायू बनवते. हे दुसरे विकर २००२ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले. तोवर सगळा दोष एकट्या अलिनेजवर होता. एकाच पेशीत एकमेकांना न भेटू देता दोन द्रव्ये बाळगण्याची ही सोय आपल्या पेशींतही आहे. आपल्या लयकारिकांत पचनाची जी विकरे असतात, ती मोकाट सुटली तर पेशीचेच घटक पचवू लागतील.

कांद्याशी असलेले हे नाते नुसते पुस्तकी नाही, ते औषधाच्या दुकानातही भेटते. पेनिसिलिन जिवाणूंच्या ज्या भित्तिकेवर घाव घालते तशी भित्तिका आपल्या पेशींना नसते, आणि टेट्रासायक्लिनसारखी औषधे जिवाणूंचे जे रायबोसोम (प्रथिने बनवणारे कण) अडवतात त्यांची घडण आपल्या पेशीद्रव्यातल्या रायबोसोमपेक्षा वेगळी असते; म्हणून रोगजंतू मरतो आणि रोगी वाचतो. पावसाळ्यात गजकर्ण झाले की ते मात्र चिवट ठरते. ते बुरशीमुळे होते आणि बुरशी रेघेच्या आपल्या बाजूची आहे, तेव्हा तिला लागेल आणि आपल्याला लागणार नाही अशी जागा शोधणे कठीण असते. तिच्या पेशीपटलात आपल्या कोलेस्टेरॉलच्या जागी अर्गोस्टेरॉल असते, एवढ्या एका फरकावर कितीतरी मलमे आणि गोळ्या उभ्या आहेत. त्याच बुरशीच्या कुळातल्या यीस्टवर १९८७ साली पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेत झालेला प्रयोग मला या साऱ्या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. पेशीविभाजनाला लागणारे एक जनुक बिघडलेल्या यीस्टला त्यांनी माणसाच्या पेशीतले तेच काम करणारे जनुक दिले, आणि ते यीस्ट बिनतक्रार विभागू लागले. नर्स यांना २००१ सालचे नोबेल मिळाले ते याच संशोधनमालिकेसाठी.

एक शंका कोणी काढील म्हणून सांगतो. आपल्या शरीरातल्या पेशी मोजल्या तर संख्येने सर्वांत जास्त भरतात त्या तांबड्या रक्तपेशी, आणि त्यांना केंद्रक नसते. पण त्या आदिकेंद्रकी ठरत नाहीत. अस्थिमज्जेत तयार होताना त्यांना केंद्रक असते. हिमोग्लोबिन भरून झाल्यावर त्या ते टाकून देतात आणि मग दुरुस्तीविना चारएक महिने काम करून संपतात.

पेशींच्या या दोन प्रकारांना एदुआर शातों या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १९२५ साली नावे दिली, पण रेघ डोळ्यांना स्वच्छ दिसली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. ती अशी पक्की होत होती, तोच १९६७ साली लिन मार्ग्युलिस यांनी, बऱ्याच नियतकालिकांकडून साभार परत आलेल्या एका लेखात, असे मांडले की तंतुकणिका आणि हरितलवके हे मुळात गिळले गेलेले, पण न पचलेले जिवाणू आहेत. आज हे सर्वमान्य आहे: तंतुकणिकेला स्वतःचा, बहुधा वर्तुळाकार, डीएनए आहे, जिवाणूंच्या वळणाचे रायबोसोम आहेत आणि ती जिवाणूसारखीच दुभंगून वाढते. गिळणारा कोण होता, याचा माग पुढे लागला. १९७७ साली कार्ल वोज यांनी केंद्रक नसलेल्या पेशींतही जिवाणूंहून वेगळे असे आर्किया नावाचे कूळ असल्याचे दाखवले, आणि २०१५ साली ग्रीनलंड व नॉर्वे यांच्यामधल्या समुद्रतळाच्या गाळातून अशा एका आर्कियाची जनुके मिळाली, ज्यांतली काही तोवर फक्त आपल्या बाजूच्या पेशींची समजली जात होती. तेव्हा कांदा आणि आपण सगोत्र आहोत खरे, पण ते गोत्र दोन केंद्रकहीन घराण्यांच्या संकरातून निघालेले आहे. दह्यातले दांडके मात्र त्या व्यवहारात नव्हते; तंतुकणिकांचे पूर्वज जिवाणूंच्या दुसऱ्याच शाखेतले, त्यामुळे विरजणाशी आपले नाते लागते ते फार लांबचे.