दोनशेचे दोनशे तीन

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतून, म्हणजे औद्योगिक वसाहतीतून, ऐन जुलैत आमच्या प्रवाह मोजणाऱ्या चिपबद्दल आलेली तक्रार एका ओळीची होती: दोनशे अँपिअर सोडले की तुमची चिप दोनशे तीन दाखवते. गाड्यांचे डीसी चार्जर बनवणारा कारखाना तो. तिथे दीड टक्का म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाला सरळ कात्री. मेलवर प्रश्नोत्तरं खेळत बसण्यात अर्थ नव्हता. डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, जपून ठेवलेला त्याच लॉटचा एक बोर्ड पिशवीत घातला, लॅबमधल्या काकांना सोबत घेतलं आणि रिक्षा केली. काकांची उभी नोकरी बडोद्यातच ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला झाली. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे आले. चिपच्या आत काय असतं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, पण मीटर खोटं बोलायला लागलं की त्यांना लगेच कळतं.

आमची चिप बसबारला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या जाड पट्टीला, न शिवता त्यातला प्रवाह सांगते. तारेतून १०० अँपिअर वाहत असतील, तर एक सेंटिमीटरवर साधारण २ मिलिटेस्ला चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते सिलिकॉनमधल्या एका छोट्या पट्टीला, हॉल प्लेटला, जाणवतं. १८७९ मध्ये एडविन हॉलने सोन्याच्या पातळ वर्खावर जे पाहिलं तेच हे: प्रवाह एका दिशेने, क्षेत्र त्याला काटकोनात, आणि व्होल्टेज आडवं. फक्त ते असतं चिमूटभर. प्लेटमधून १ मिलिअँपिअर सोडला तर या क्षेत्राला हाती लागतात दोनेकशे मायक्रोव्होल्ट. प्लेट थोडी जरी वाकडी छापली गेली तरी तिची स्वतःची चूक यापेक्षा मोठी भरते. म्हणून आम्ही प्रवाहाची दिशा सतत नव्वद अंशांनी फिरवत राहतो. खरं व्होल्टेज बेरजेत टिकतं, प्लेटची चूक कापली जाते. पृथ्वीचं क्षेत्रही पन्नासेक मायक्रोटेस्लाच्या आतबाहेर असतं, म्हणजे या मोजमापात अडीच टक्क्यांची लुडबूड. त्यासाठी दोन प्लेट ठेवून वजाबाकी केलेली. म्हणून तक्रार वाचली तेव्हा खरं सांगायचं तर मला बसबारचाच संशय होता.

कारखान्यात पोचलो तर सगळ्यांची आपापली मतं तयार होती. कुणाला शेजारच्या फेजचा बसबार जवळ वाटत होता, कुणाला उष्णता. त्यांच्या एका तरुण इंजिनिअरने, हॉल जुनाट झाला, टीएमआर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा दुसऱ्या जातीचा सेन्सर) घ्या, असा सल्लाही देऊन टाकला. टीएमआर कितीतरी पट संवेदनशील असतं हे खरंच, पण इथे संवेदनशीलता कमी पडतच नव्हती. उलट आकडा वर चढला होता.

काकांनी एकच गोष्ट करायला लावली. प्रवाह बंद करून शून्य बघायचं, मग ५०, १००, १५०, २०० असं चढत जायचं. शून्य जागच्या जागी. पन्नासला पाऊण अँपिअर जास्त, शंभरला दीड, दोनशेला तीन. रेषा सरळच, फक्त तिचा चढ वाढलेला. बाहेरचं क्षेत्र घुसलं असतं तर शून्यच हललं असतं. फेज शेजारी होता तोही बंद केला, फरक नाही. मग आमचा डेसिकेटरमधला बोर्ड त्याच बसबारवर चढवला. २००.१.

त्याच लॉटची, त्याच बसबारवर, त्याच हवेत दोन चिपा, आणि दोघींची उत्तरं वेगळी! बाहेर विश्वामित्रीच्या पुराच्या बातम्या आणि खिडकीच्या काचेवर ओल. काका म्हणाले, "ताई, आमच्या ट्रान्सफॉर्मरला हवा आत घेणाऱ्या ब्रीदरमध्ये सिलिका जेल असायचं. निळ्याचं गुलाबी झालं की समजायचं, पाणी प्यायलंय. हा बोर्ड भट्टीत घालून बघू या."

त्यांचा सुकवण्याचा ओव्हन होता. जास्त दाखवणारा त्यांचा बोर्ड कनेक्टर काढून १२५ अंशांवर रात्रभर ठेवला. सकाळी गार झाल्यावर लावला तर दोनशे.

कारखान्याचे शेठ ओव्हनकडे आणि माझ्याकडे आलटून पालटून बघत होते. "बेन, चिप तर चुंबक मोजते ना? मग पाऊस कसा मोजायला लागली?"

प्रश्न रास्त होता. चिपवरचं काळं प्लास्टिक १७५ अंशांच्या आसपास ओततात. गार होताना ते सिलिकॉनपेक्षा जास्त आकसतं आणि आतली चिप करकचून आवळली जाते. हा दाब थोडाथोडका नसतो, दहा-दहा मेगापास्कलच्या मापात असतो. आणि सिलिकॉन दाबाखाली आलं की हॉल प्लेटची संवेदनशीलताच बदलते. याला पिझो-हॉल परिणाम म्हणतात. चिपची अचूकता आम्ही लावतो ती पॅकिंगनंतर, प्लास्टिक ठणठणीत कोरडं असताना. पुढे ती कोरड्या पिशवीत बंद होऊन येते. मार्चमधल्या बडोद्यात नमुने तपासले तेव्हाही हवा कोरडीच. जुलैत प्लास्टिकने ओल ओढून घेतली, ते फुगलं, पकड सैल झाली आणि चढ दीड टक्का वर गेला. फिरवाफिरवीची युक्ती इथे कामाची नाही. ती शून्य सांभाळते, चढ नाही.

खरं औषध चिपमध्येच घालावं लागतं. हॉल प्लेटशेजारी दोन प्रकारच्या सिलिकॉनचे छोटे रोध (रेझिस्टर) काढायचे. एन प्रकारचा दाबाला चांगलाच ओ देतो, पी प्रकारचा जवळजवळ ढिम्म. त्या दोघांच्या तुलनेतून, तापमानाचा भाग वगळला की दाब कळतो, आणि डिजिटल भाग तेवढी दुरुस्ती करतो. नव्या आवृत्तीत ही जोडी घ्यायची, असं मी तिथूनच ऑफिसला कळवलं. हे रोध एल आकारात मांडायचे, म्हणजे दाब कुठल्या दिशेने येतो याचा फरक पडत नाही. जागा जाईल, चिप किंचित महाग होईल, आणि खरेदीवाल्यांची कुरकूर मला आत्ताच ऐकू येते आहे. पण फॅबमधून, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यातून, नवी चिप हातात यायला महिने लागतात, आणि शेठना चार्जर दसऱ्याच्या आत पाठवायचे होते.

बोर्डावर लॅकर मारू का, असं त्यांनी विचारलं. त्याने ओल उशिरा आत जाते, अडत नाही. मी दुसरा मार्ग सुचवला: बोर्ड कोरडे असताना नव्हे, तर मध्यम दमटपणात मुरवून मग कॅलिब्रेट करायचे. मग दीड टक्क्याची चूक दोन्हीकडे वाटली जाते. पावसाळ्यात पाऊण टक्का जास्त, उन्हाळ्यात पाऊण टक्का कमी.

शेठ थोडा वेळ गप्प राहिले, मग कॅल्क्युलेटर ओढून उन्हाळ्यात कमी दाखवल्याने नुकसान नक्की कुणाचं होणार, ते तिथल्या तिथे काढायला बसले.