शेजाऱ्यांना आधी वेळ विचारा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक असाच येतो: "आमचा कुत्रा सारखा भुंकतो, फ्लॅट स्कीममधले लोक वैतागलेत, शॉक कॉलर घेऊ का?"

नका घेऊ. समोरून शेजारचे काका जात असताना गळ्याला झटका बसला, तर कुत्रा त्या वेदनेचा संबंध काकांशी जोडतो. आज नुसता भुंकणारा उद्या अंगावर धावू शकतो. मुसकं बांधून ठेवणं तर नागपुरात त्याहून वाईट. कुत्र्याचं अंग मुख्यतः तोंड उघडून धापा टाकल्यानं थंड होतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तोंड घट्ट बांधलेला कुत्रा उष्माघातानं मरू शकतो.

पहिलं काम शेजाऱ्यांकडे आहे. "त्रास होतो का?" असं विचारलं की लोक संकोचानं "नाही हो" म्हणतात आणि विषय निघतो तो थेट मीटिंगमध्ये. त्याऐवजी "काकू, कोणत्या वेळी जास्त त्रास होतो?" असं विचारा. मग नेमकं उत्तर मिळतं: दुपारी दोन ते चार, जरा डोळा लागतो तेव्हा, रात्री अकरानंतर, पोराच्या बारावीच्या अभ्यासाच्या वेळी. आधी ते तास सांभाळा. बाकीच्या वेळचं थोडंफार भुंकणं लोक चालवून घेतात.

मग आठवडाभर वहीत टिपा: किती वाजता, किती मिनिटं, त्याआधी काय घडलं. घरी कोणी नसेल तेव्हा जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून जा. तुम्ही निघाल्यावर पाच-दहा मिनिटांतच रडणं-भुंकणं सुरू होत असेल, दार ओरबाडलेलं आणि फरशीवर लाळ असेल, तर ती बहुधा एकटेपणाची भीती आहे. तास-दीड तासानं सुरू होत असेल, तर बहुधा कंटाळा किंवा बाहेरचा आवाज. भीतीवर उपाय म्हणजे अर्ध्या मिनिटासाठी बाहेर जाऊन परत येणं, आणि तो शांत राहिला तरच वेळ वाढवणं. याला आठवडे लागतात. तोवर त्याला तासन्‌तास एकटं ठेवलं तर केलेलं सगळं वाया जातं.

लेआउटमधल्या स्वतंत्र घरांत दुखणं गेटचं असतं. दूधवाला येतो, कुत्रा भुंकतो, दूधवाला जातो. तो तसाही जाणारच होता, पण कुत्र्याच्या लेखी आपण त्याला हुसकावलं. कचऱ्याची गाडी, डिलिव्हरीवाला, दिवसभर हेच चालतं आणि सवय घट्ट होत जाते. म्हणून आधी दिसणंच बंद करा. ग्रीन नेट पुरत नाही, पलीकडून ऊन असलं की हलत्या सावल्या दिसतात. जुनं फ्लेक्स दुहेरी करून गेटला आतून बांधा. कुत्रा मागच्या पायांवर उभा राहिला की नाक जिथे पोचतं, त्याच्या वर वीतभर घ्या. फ्लॅटच्या खिडकीला खालच्या भागात दुधी फिल्म लावा.

आता शिकवणं. उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे करा. मीठ, कांदा, लसूण काही नको. दोन-तीनदा भुंकू द्या, मग साध्या आवाजात एकदाच "पुरे" म्हणा आणि तुकडा नाकाशी न्या. हुंगायला लागला की भुंकणं थांबतं. मनात दोन अंक मोजा, मग द्या. पुढे पाच, दहा, वीस अंक. घाई इथेच नडते: थांबल्याबरोबर खाऊ दिला, तर भुंकायचं, थांबायचं आणि खायचं असा खेळ तो शिकतो. म्हणून माणूस गेला आणि तो अजिबात भुंकला नाही, तेव्हा सगळ्यांत मोठा तुकडा द्या. आणि आजोबांचं "चूप", मुलांचं "नो" असं चालणार नाही, घरभर शब्द एकच हवा.

जेवणासाठी किंवा खेळण्यासाठी भुंकत असेल तर लक्षच देऊ नका. आधी काही दिवस भुंकणं वाढेल. पाचव्या दिवशी हार मानून पोळी टाकली, तर जास्त वेळ भुंकलं की मिळतं हे तो पक्कं शिकतो. ही वाढ येणार आहे हे शेजाऱ्यांना आधीच सांगा आणि आपला नंबर द्या.

कुलर चालू असतो तोवर त्याच्या घरघरीत बाहेरचे आवाज दबतात. पावसाळ्यात तो बंद झाला की रात्री मोकाट कुत्र्यांच्या भांडणाला घरातून उत्तर जायला लागतं. अशा वेळी रस्त्याकडच्या खोलीतून त्याला आतल्या खोलीत झोपवा आणि पंखा मोठा ठेवा.

फिरणं मात्र टळू देऊ नका. मे महिन्यात सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री उशिरा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. दुपारचं खाणं ताटलीत देण्याऐवजी जुन्या टॉवेलच्या गुंडाळ्यांत लपवा. नाकाचं काम झालेला कुत्रा दुपारी झोपतो. कायम साखळीला बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, आणि असा कुत्रा भुंकणार नाही तर काय करेल?

सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, पण हा नियम शेजाऱ्यांपुढे नाचवू नका. रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ त्यांच्या हक्काची आहे.

म्हातारा कुत्रा अचानक रात्री भुंकायला लागला, तर यातलं काही करत बसू नका. ऐकू कमी येणं, सांधेदुखी, म्हातारपणातला गोंधळ अशी कारणं असू शकतात. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे वहीसकट घेऊन जा.