“मंग मी काल काय केलं?”

हा प्रश्न तिने मला फेब्रुवारीत विचारला. दिंडोरी रस्त्यावरचं एक पॅकहाऊस, निर्यातीच्या द्राक्षांचा भर हंगाम, आणि कामाला लागण्याआधी बायकांनी टॅबवर पूर्ण करायचं स्वच्छतेचं, सुरक्षिततेचं प्रशिक्षण. आदल्या दिवशी तिने पाचही पाठ ऐकले होते, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. सकाळी सुपरवायझरच्या पडद्यावर तिच्या नावापुढे ‘अपूर्ण’. परत बस, असं तिला सांगितलं. त्यात तिची अर्ध्या दिवसाची हजेरी जाणार होती. ती सुरगाण्याकडची, मुकादमाबरोबर हंगामाला आलेली. तिने टॅब माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, “ताई, मंग मी काल काय केलं?”

ते पाठ मी बनवले होते.

माझं काम हेच आहे. नाशिकमध्ये बसून कारखान्यांसाठी, पॅकहाऊससाठी मराठीतून प्रशिक्षणाचे पाठ तयार करायचे. लोक मला चित्रांबद्दल, आवाजाबद्दल विचारतात. पाठ संपल्यावर त्याची नोंद कुठे आणि कशी होते, हे कुणी विचारत नाही. त्या दिवसापर्यंत मीही ते पुरेसं विचारलं नव्हतं.

आमचे पाठ स्कॉर्म १.२ या संगणकावरच्या प्रशिक्षणाच्या मानकाप्रमाणे बनवलेले होते. हे मानक २००१ सालचं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल या उपक्रमातून आलेलं, आणि आजही असंख्य ठिकाणी तेच चालतं. कल्पना साधी आहे: पाठाची एक झिप फाइल, तिच्यात काय काय आहे ते सांगणारी एक यादी, आणि पाठ व एलएमएस (पाठ दाखवणारी आणि त्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा) यांच्यात बोलण्यासाठी जावास्क्रिप्टच्या मोजक्या आज्ञा. सुरू झालं, ही माहिती लिही, जतन कर, संपलं. स्थितीसाठी ठरलेले शब्द: उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, पूर्ण, अपूर्ण, चाळलं, सुरूच केलं नाही. माणूस मध्येच उठला तर पुन्हा तिथूनच सुरू करता यावं म्हणून पाठाला थोडी जागा मिळते, तिला सस्पेंड डेटा म्हणतात. तिची मर्यादा ४०९६ अक्षरांची. आणि मानकात ही अक्षरं आस्की धरलेली आहेत, म्हणजे इंग्रजी वर्णमाला, अंक आणि विरामचिन्हं. देवनागरी त्या हिशेबात नव्हतीच.

आम्ही त्या जागेत काय ठेवत होतो? बाईने निवडलेल्या पर्यायाचं अख्खं मराठी वाक्य. रिपोर्ट वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून. तिथल्या एलएमएसने ४०९६ ही मर्यादा बाइटमध्ये मोजली होती. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘द्राक्ष’ या शब्दात सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. ४०९६ बाइटमध्ये जेमतेम १३६५ चिन्हं बसतात. आमचे प्रश्न वीस, एकेक पर्याय साठ-पासष्ट चिन्हांचा. सगळं पहिल्याच फटक्यात बरोबर आलं तर काठोकाठ मावत होतं. पण उत्तर चुकलं की आम्ही पुन्हा संधी देत होतो, आणि प्रत्येक प्रयत्न त्याच जागेत पुढे जोडत होतो.

म्हणजे ज्या बायका चुकल्या, थांबल्या, पाठ परत ऐकून बरोबर उत्तरापर्यंत पोचल्या, त्यांचीच नोंद त्या जागेबाहेर गेली. एलएमएसने ती नाकारली, तसा एरर परत पाठवला, आणि तो काय आहे हे न वाचताच आमचा कोड तिथे थांबला. ‘पूर्ण’ लिहिणारी ओळ त्याच्यानंतर होती, तिथवर गाडी गेलीच नाही. एकतीस बायकांपैकी नऊ जणी ‘अपूर्ण’. नऊच्या नऊ जणींनी इतरांपेक्षा जास्त वेळ दिला होता. हे मला त्या रात्री लॉग बघताना कळलं, आणि आजही आठवलं की पोटात कालवतं.

दुरुस्ती दोन तासांची होती. वाक्याऐवजी प्रश्नाचा आणि पर्यायाचा क्रमांक साठवायचा, ‘७-२’ एवढंच. स्थिती आधी लिहायची. प्रत्येक आज्ञेनंतर एरर तपासायचा. त्या नऊ जणींची हजेरी कापू नका, हे सांगायला मी सकाळी आठला पॅकहाऊसच्या दारात उभी होते. कापली नाही.

पण दुरुस्ती झाली तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्याच पॅकहाऊसमधून निघणारी पेटी कुठल्या बागेतली, हे ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीवर, शोधता येतं. परदेशात एखाद्या पेटीत औषधाचा अंश जास्त सापडला तर थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो. द्राक्षाचा माग इतका चोख, आणि ते हाताळणारी बाई काय शिकली याची नोंद एका कप्प्यात, तीही कोंबून बसवलेली.

म्हणून पुढच्या हंगामासाठी मी एक्सएपीआय या शिकण्याच्या नोंदींच्या दुसऱ्या मानकाकडे वळले. त्याचं काम २०१० नंतर ‘टिन कॅन’ या नावाने सुरू झालं, पहिली पक्की आवृत्ती २०१३ ला आली, आणि २०२३ पासून ते आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचं मानक आहे. यात ठरलेले कप्पे नाहीत, विधानं आहेत. कोणी, काय केलं, कशाबाबत. सोबत निकाल, संदर्भ, वेळ. ही विधानं लर्निंग रेकॉर्ड स्टोअर म्हणजे एलआरएसमध्ये जमा होतात. पाठ ब्राउझरमध्ये एलएमएसच्या आतच उघडला पाहिजे, अशी अट नाही.

बागेत ही अट नसणं फार मोलाचं आहे. थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करणं, कसं करायचं हे टॅबवर दाखवता येतं, पण शिकणं होतं ते घडाखाली उभं राहूनच. आता मुकादम किंवा जुनी जाणकार बाई ते बघते आणि टॅबवर ‘जमलं’ असं नोंदवते. विधानात शिकवणाऱ्याचं नाव देण्याची सोय आहेच. बागेत रेंज नसते. टॅब विधानं धरून ठेवतो आणि संध्याकाळी गावात आला की पाठवतो. काम केव्हा झालं आणि नोंद केव्हा पोचली, या दोन वेळा वेगळ्या राहतात: सकाळी १०:४० आणि संध्याकाळी ७:१५. प्रत्येक विधानाला टॅबवरच स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो, त्यामुळे रेंज तुटून तेच दोनदा गेलं तरी नोंद एकच राहते. चुकीचं विधान खोडता येत नाही. ते रद्द केल्याचं दुसरं विधान लिहावं लागतं. मस्टरवर चुकलेल्या नावावर रेघ ओढून बाजूला सही करतात, तसंच. मला ही रीत मनापासून आवडते.

क्रियापदांनी मात्र चांगलाच घोळ घातला. एक्सएपीआयमध्ये क्रियापदाची खरी ओळख म्हणजे वेबपत्त्यासारखा एक पत्ता. माणसाला दिसणारा शब्द वेगळा, तो हव्या त्या भाषेत देता येतो. पण प्रत्येक भाषेसाठी एकच शब्द. इंग्रजीत एका शब्दात भागतं. मराठीत तिने पाठ पूर्ण केला, चित्रफीत पूर्ण केली, प्रात्यक्षिक पूर्ण केलं. क्रियापद कर्माबरोबर फिरतं, आणि तिथे तर एकच रूप लिहायचं आहे. पहिल्या रिपोर्टमध्ये ‘चित्रफीत पूर्ण केला’ असं छापून आलं. सुपरवायझरला चाललं असतं, मला चालेना. ज्या बाईच्या नावाने ती ओळ आहे, तिला ती वाचून दाखवली तर आपल्या भाषेतली वाटली पाहिजे. दोन-तीन गोष्टी करून पाहिल्या. शेवटी रिपोर्टमध्ये क्रियापद नामासारखं वापरलं: ‘पूर्ण करणे’, ‘पाहणे’, ‘उत्तर देणे’, आणि पुढे कर्म. सरकारी वळणाचं आहे, पण चुकीचं नाही.

आता राहिला सगळ्यात अवघड भाग. ‘कोणी’.

विधानातल्या माणसाची ओळख ईमेलने देता येते. या बायकांकडे ईमेल नाही. मोबाइल असला तर तो बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा मुलाचा. आधार क्रमांक प्रशिक्षणाच्या नोंदीत टाकायचा नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. मानकात आणखी एक वाट आहे: खातं. म्हणजे कुठल्या यंत्रणेतलं आणि त्या यंत्रणेतला क्रमांक कोणता. आम्ही ठेकेदाराचा हजेरी क्रमांक वापरला. सोपं होतं, आणि तिथेच मी कमी विचार केला.

कारण फेब्रुवारीत मला प्रश्न विचारणारी तीच बाई पुढच्या हंगामात, ऑक्टोबर छाटणीनंतर, दुसऱ्या मुकादमाबरोबर निफाडकडच्या बागेत आली. ठेकेदार नवा, क्रमांक नवा. एलआरएसच्या लेखी ती नवी बाई. जुन्या नोंदी शाबूत होत्या, मी त्या काढून दाखवूही शकत होते, पण ती हीच बाई हे यंत्रणेला सांगणारा दुवा नव्हता. तिला पुन्हा बसावं लागलं. चुकलेले दोन प्रश्न सोडले तर सगळं तिने भराभर सांगितलं. तिला ते येतच होतं.

आता मी एक वेगळं खातं सुचवलं आहे. क्रमांक बाईचा स्वतःचा, कुठल्याही ठेकेदाराचा नाही. लहान कार्डावर छापलेला, तिच्याजवळच राहणारा. ती जाईल तिथे तो क्रमांक जाईल, आणि कुठली नोंद कुणाला दाखवायची हे तीच सांगेल. जुन्या ठेकेदाराने त्याच्याकडच्या क्रमांकांशी ही खाती जोडायला होकार दिला आहे. नव्याला भेटायला सोमवारी निफाडला जाते आहे. जाताना तिच्या दोन्ही हंगामांच्या नोंदी मराठीत छापून नेणार आहे, एक प्रत त्याला आणि एक तिला.