फिल्टर कधी बदलला?

शुक्रवार, रात्री सव्वाअकरा

पाय भरून आलेत, पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. आज आमच्या रोटरी क्लबला डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांची, म्हणजे आमच्या विभागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांची, ऑफिशियल व्हिजिट झाली. 1 जुलैला रोटरीचं नवं वर्ष लागलं, तेव्हापासून मी याच दिवसासाठी फायली लावत होते. आमचा रोटरीचा विभाग, डिस्ट्रिक्ट 3060, म्हणजे इकडे वडोदरा, भरूच, सुरत आणि तिकडे पार नंदुरबार, धुळे, जळगाव. हे गव्हर्नर जळगावकडचे.

दुपारी ते आमच्याकडेच जेवायला होते, वडोदऱ्याच्या दांडिया बजारातल्या जुन्या घरात. उंबऱ्यावर औक्षण केलं. आत आल्या आल्या म्हणाले, "ताई, दोन दिवस सुरतेत गुजरातीत बोलतोय. आता मराठीत पाणी मागतो." क्लबात मी सगळ्यांची सेक्रेटरीबेन. ते 'ताई' ऐकून फार बरं वाटलं. अळूचं फदफदं त्यांनी दोनदा मागून घेतलं. सासूबाईंनी मात्र पानावर बसायच्या आधीच त्यांना सांगून टाकलं, "आमची सून सेक्रेटरी आहे." सासरे सभासद होते, पण बायकांना रोटरीची दारं उघडली ती 1989 मध्ये. इतकी वर्षं नवऱ्याच्या बॅजला पिन लावून दिलेली ती बाई, तिच्या आवाजातला तो ताठा मला कुठल्याही प्रशस्तिपत्रकापेक्षा मोठा वाटला.

संध्याकाळी मुख्य मीटिंगच्या आधी प्रेसिडेंट, मी आणि बोर्ड असे त्यांच्यासमोर बसलो. प्रोजेक्टची फाइल ते एकेक पान उलटत गेले. एका पानावर थांबले. मागच्या वर्षी एका शाळेत बसवलेला पाण्याचा आरओ प्लँट. फोटो, फीत, मुलांच्या हातातले पेले, खाली माझ्याच अक्षरात 'पूर्ण'.

"फिल्टर कधी बदलला?"

प्रेसिडेंटभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सगळं व्यवस्थित चालू आहे," हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "माहीत नाही, साहेब. बसवल्यानंतर मी गेलेच नाही."

ते रागावले नाहीत. पेन्सिलीने 'पूर्ण'खाली बारीक रेघ ओढली आणि पान उलटलं. मग अर्ध्या तासाने हॉलमध्ये घंटा वाजली, सगळे उभे राहिले आणि फोर वे टेस्ट, रोटरीची ती चार प्रश्नांची कसोटी, म्हटली. त्यातला पहिलाच प्रश्न, हे सत्य आहे का? इतकी वर्षं म्हणतेय, आज पहिल्यांदा शब्द कानात शिरले.

भाषणात ते पोलिओवर बोलले. रोटरीने 1985 मध्ये पोलिओप्लस ही पोलिओ संपवायची मोहीम हाती घेतली, भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला. पण लस पाजणं त्यानंतरही थांबलं नाही आणि 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं तरीही थांबलं नाही, हे त्यांनी फार सावकाश सांगितलं. पोलिओ रविवारी बूथवर बसून मुलांच्या करंगळीला शाई लावलेली मला आठवली. एकच मूल, पुन्हा पुन्हा, दर वेळी दोन थेंब. ध्वजांची अदलाबदल, शाल, नारळ, आभार, सगळं नीट पार पडलं.

शनिवार, दुपार

गव्हर्नर सकाळीच भरूचला निघाले. त्यांना निरोप देऊन मी तशीच रिक्षाने शाळेत गेले, आरओवाल्या मुलाला सोबत घेऊन. प्लँट चालू होता, पण धार करंगळीएवढी. त्याने पहिलं भांडं उघडलं. पांढरा असायला हवा तो सेडिमेंट फिल्टर चहाच्या गाळासारखा तपकिरी, हाताला बुळबुळीत. कार्बनचा फिल्टरही संपलेला. तो संपला की क्लोरीन थेट आतल्या मेंब्रेनपर्यंत, पाणी शुद्ध करणाऱ्या पातळ पडद्यापर्यंत, जाऊन ते खराब करतं आणि महागाचा भाग तोच. सुदैवाने मेंब्रेन वाचलं होतं.

शिपाईकाका म्हणाले, "बेन, कोणाला फोन करायचा ते आम्हाला कुठे माहीत होतं?" खरंच, आम्ही पाटीवर दात्यांची सगळी नावं कोरली, फोन नंबर एकही नाही.

दोन्ही फिल्टर बदलले. धार जाड झाली तशी मधल्या सुट्टीतली पोरं बाटल्या घेऊन धावली. एका मुलीने माझ्या हातातला मळका फिल्टर बघून विचारलं, "हे आम्ही पीत होतो?" मी तिला सांगितलं, नाही, हे याने अडवून ठेवलं होतं.

पाटीखाली पांढरी पट्टी चिकटवली. तिच्यावर आजची तारीख, सहा महिन्यांनंतरची तारीख आणि माझा नंबर. घरी आल्यावर फाइल काढली आणि 'पूर्ण' खोडून 'चालू' लिहिलं.