फ्रेडी मर्क्युरी भारतीय होता का? तुम्ही विचारलंत म्हणून

‘फ्रेडी मर्क्युरी भारतीय होता ना? मग त्याने ते लपवलं का?’ फ्रेडी ज्याचा गायक होता त्या क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं नाव निघालं की हे दोन प्रश्न एका दमात येतात, आणि दुसऱ्यात आरोप आधीच ठरलेला असतो. पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा जन्म, पाचगणीची शाळा, बलसारा हे पारशी आडनाव हे सगळं विचारणाऱ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे ते पुन्हा उगाळत नाही. मला बोलायचंय ते कागदपत्रांबद्दल. देश कुठला, हे शेवटी तिथेच ठरतं.

आधी एक उलटा प्रश्न. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये १९५८ साली फ्रेडीने मित्रांबरोबर द हेक्टिक्स हा बँड काढला, त्यात ही मुलं क्लिफ रिचर्डची गाणी वाजवत. क्लिफ रिचर्ड १९४० साली लखनौला जन्मला आणि १९४८ साली आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेला. एंगलबर्ट हम्परडिंकचा जन्म मद्रासचा, १९३६ चा. म्हणजे भारताच्या भूमीवर खरोखर जन्मलेले ब्रिटिश पॉप गायक हे दोघे. फ्रेडी नव्हे. क्लिफ पुढे बार्बाडोसला घर करून राहिला, तरी त्याच्या ब्रिटिशपणाला कोणी हात लावला नाही, आणि ‘भारतीयत्व का लपवलंस’ असंही त्याला कोणी विचारलं नाही. तेव्हा तुम्ही जन्मस्थान बघत नाही, रक्त बघता. बघा, पण मग हिशेब अर्ध्यावर सोडू नका. पारशी रक्त मागे नेलं तर बलसारांच्या मूळ गावी, गुजरातमधल्या बलसाडला थांबत नाही, इराणपर्यंत जातं. २००४ साली इराणमध्ये क्वीनच्या गाण्यांना अधिकृत परवानगी मिळाली, तेव्हा तिथेही त्याच्या इराणी मुळाची आठवण काढली गेलीच.

आता भारताचा कागद. परदेशात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसासाठी आपल्या घटनेत कलम ८ आहे. तुम्ही, तुमचे आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मलेलं असेल, तर राहत्या देशातल्या भारतीय प्रतिनिधीकडे अर्ज करून नोंदणी करून घ्यायची आणि नागरिक व्हायचं. नोंदणी केली नाही तर नागरिकत्व नाही. पाचगणीच्या वसतिगृहात आठ वर्षं काढल्याने ते मिळत नाही. त्या काळात ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त होते औंधचे आप्पासाहेब पंत, कचेरी नैरोबीला. आणि भारत सरकार तिथल्या भारतीयांना काय सांगत होतं? परत या, असं नाही. नेहरूंचं धोरण स्पष्ट होतं: ज्या देशात राहता त्या देशाचे व्हा, आफ्रिकी लोकांच्या आकांक्षांशी एकरूप व्हा, त्यांच्या डोक्यावर बसू नका. धोरण म्हणून ते योग्यच होतं असं मला वाटतं. पण ज्यांना आपण ‘तिकडचेच व्हा’ म्हणून सांगितलं, त्यांच्याच मुलाला पन्नास वर्षांनी ‘आमचा का झाला नाहीस’ असं विचारायचं, हे मला पटत नाही.

आणि मग ‘तिकडचं’ संपलं. इथे मला थोडं थांबावं लागणार आहे, कारण फ्रेडीवरच्या लेखांमध्ये हा भाग ‘क्रांतीनंतर कुटुंब लंडनला आलं’ एवढ्या अर्ध्या वाक्यात उरकतात.

१० डिसेंबर १९६३ ला झांझिबार स्वतंत्र झालं, सुलतान जमशीद राष्ट्रप्रमुख. पुरते पाच आठवडेही झाले नाहीत तोच १२ जानेवारी १९६४ ला उठाव झाला. बंडखोरांकडे सुरुवातीला बंदुका फारशा नव्हत्या. त्यांनी आधी पोलिसांची शस्त्रागारं ताब्यात घेतली, आणि एका दिवसात सरकार कोसळलं. सुलतान देश सोडून गेला, पुढे इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला राहिला. कत्तल मुख्यतः अरबांची झाली, पण भारतीय वंशाची माणसंही मारली गेली, दुकानं लुटली गेली. फ्रेडीचे वडील बोमी बलसारा हायकोर्टात कॅशियर, म्हणजे ब्रिटिश अमलातले सरकारी नोकर. मुलगा सतरा वर्षांचा, आदल्याच वर्षी शाळा संपवून घरी आलेला. काही महिन्यांत हे कुटुंब मिळेल ते सामान घेऊन फेल्टमला आलं, हीथ्रो विमानतळाच्या शेजारी.

त्या काळात इंग्लंडमध्ये शिरता येणंही कागदावरच ठरत होतं. १९६२ च्या कायद्याने कॉमनवेल्थमधून येणाऱ्यांवर निर्बंध घातले होते, पण त्यात एक फट राहिली होती. पासपोर्ट वसाहतीच्या सरकारने दिलेला असेल तर माणसाला अडवता येई. खुद्द ब्रिटिश सरकारच्या नावाने दिलेला असेल तर नाही. पूर्व आफ्रिकेतल्या हजारो आशियाई कुटुंबांकडे हा दुसऱ्या प्रकारचा पासपोर्ट होता. केनियातून ती मोठ्या संख्येने येऊ लागल्यावर ही फट बुजवायला ब्रिटिश संसदेने १९६८ साली तीन दिवसांत नवा कायदा मंजूर केला. १ मार्चपासून अट लागू झाली: पासपोर्ट ब्रिटिश असला तरी तुमचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी एकाचा ब्रिटनशी जन्माने किंवा तिथल्या नागरिकत्वाच्या नोंदीने संबंध हवा. बाकीच्यांसाठी वर्षाला फक्त १,५०० कुटुंबप्रमुखांना परवाने. पुढच्याच महिन्यात इनॉक पॉवेल या ब्रिटिश खासदाराने स्थलांतरितांविरुद्ध बर्मिंगहॅमचं ते भाषण केलं. बलसारा चार वर्षं उशिरा निघाले असते तर कदाचित त्याच रांगेत उभे असते.

फ्रेडी आत होता, पण पक्का नव्हता. त्याच १९६२ च्या कायद्याने ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणीसाठी लागणारा वास्तव्याचा काळ एका वर्षावरून पाच वर्षांवर नेला होता. १९६४ मध्ये आलेला मुलगा १९६९ च्या वसंतापर्यंत अर्ज करू शकत नव्हता. २ जून १९६९ ला त्याची ‘युनायटेड किंगडम आणि वसाहतींचा नागरिक’ म्हणून नोंद झाली. पाच वर्षं भरल्याबरोबर. मला ही तारीख त्याच्या कुठल्याही मैफलीच्या तारखेपेक्षा महत्त्वाची वाटते. वय बावीस, ईलिंग आर्ट कॉलेजचा अभ्यासक्रम संपत आलेला, क्वीन अजून स्थापन व्हायचं होतं, ‘मर्क्युरी’ हे नावही पुढचं. सतराव्या ते बाविसाव्या वर्षापर्यंत तो अशा देशात वाढला, जिथे त्याच्यासारख्यांना ठेवायचं की नाही यावर उघड चर्चा चालू होती. गंमत म्हणून टाकलेलं नाव आणि अशा पाच वर्षांनंतर टाकलेलं नाव यांत फरक करायला हवा.

मग लपवलं का? हो, मुलाखतींमध्ये तो या विषयाला बगल देत असे. हे मी नाकारणार नाही. पूर्वी मी या प्रश्नाला ‘त्या काळात दुसरा इलाजच नव्हता’ एवढं उत्तर द्यायचे. आज तेवढं पुरेसं वाटत नाही, कारण १९७५ नंतर, इतकं यश मिळाल्यावर, त्याला कोण हात लावणार होतं? पण लपवणं म्हणजे तोडणं नव्हे. आईवडील फेल्टमलाच राहत होते, त्यांच्याशी त्याचं येणंजाणं शेवटपर्यंत होतं. लहानपणी नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षा, झाली होती आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनीच केला. चाहत्यांना सांगितलं नाही म्हणजे घरच्यांना नाकारलं, असा अर्थ काढणाऱ्यांशी मी कायम भांडेन.

पुढे तो जर्मनीतल्या म्युनिकला आणि स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोलाही राहिला, त्याचं फार सांगण्यासारखं नाही. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये कमाईवरचा सर्वांत वरचा कर ८३ टक्के होता, म्हणून मोठे बँड बाहेर जाऊन रेकॉर्डिंग करत. क्वीनने १९७९ मध्ये माँट्रोचा माउंटन स्टुडिओच विकत घेतला. फ्रेडीला म्युनिकमध्ये मोकळेपणही मिळालं. त्याचा पुतळा १९९६ पासून माँट्रोला आहे, कारण लंडनमध्ये त्यासाठी जागा मिळाली नाही. ब्रिटिश म्हणून नोंद झालेल्या माणसाचं हेही एक टोक. फेल्टमच्या ग्लॅडस्टन अव्हेन्यूवरच्या घराला नामवंतांच्या स्मरणार्थ लावतात ती निळी पाटी लागली ती २०१६ साली, आणि त्या पाटीवर मर्क्युरीच्या खाली फ्रेड बलसारा हे नावही आहे.

आज तो असता तर बलसाडच्या मुळाच्या दाखल्यांवर त्याला ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड मिळू शकलं असतं. ते नागरिकत्व नव्हे, मतदानाचा हक्क देत नाही. अर्ज केला असता का, हे मी त्याच्या वतीने सांगणार नाही.

त्याची बाजू घेताना मला एक गोष्ट मात्र कधीच ओलांडून जाता येत नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने सन सिटी या करमणूक-नगरीत कार्यक्रम केले. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने स्वतंत्र देश म्हणून उभ्या केलेल्या बोफुथात्स्वानात, सांस्कृतिक बहिष्कार चालू असताना. ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत नाव गेलं. बँडचं म्हणणं होतं, आम्ही राजकारणी नाही, श्रोत्यांसाठी वाजवतो. बाकीच्या तिघांनी तसं म्हणावं हे मी समजू शकते. पण त्या देशाच्या वर्णनोंदणी कायद्यात बलसारा कुटुंबाची नोंद गोऱ्यांमध्ये झाली नसती, आणि वंशावरून घर सुटणं म्हणजे काय हे त्या मंचावर त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? १९६४ त्याने मनातून पुसून टाकलं होतं, की ते आठवत असूनही गायला, यांतलं कुठलंही उत्तर मी स्वतःला दिलं तरी ते मला टिकवता येत नाही.