एक चप्पल पायरीवरच राहिली होती

मागच्या पावसाळ्यातली केस आहे, लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं. माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, दोन बेड, दुखणं कमी करायला विजेचे सौम्य करंट देणारं एक आयएफटी मशीन, शेकायचं एक अल्ट्रासाउंड आणि क्वाड्स, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या व्यायामाचं टेबल. गुडघेदुखीच्या बायका रोज चार-पाच तरी येतातच, शेतात राबलेल्या, जनावरं सांभाळणाऱ्या, त्यामुळे गुडघ्याची केस म्हटलं की हात आपोआप चालतात आणि तिथेच घोळ होतो हे मला त्या दिवशी कळलं.

या मावशी ५८ वर्षांच्या. ऑर्थोची, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आलेल्या, दोन्ही गुडघ्यांचा संधिवात, एक्स-रेमध्ये आतल्या बाजूची फट चांगलीच कमी झालेली, ग्रेड ३. शुगर होती, गोळी चालू होती. मी रीतसर असेसमेंट केलं, म्हणजे तेव्हा मला ते रीतसर वाटलं. गुडघा किती वाकतो, क्वाड्सची ताकद, सूज, दुखणं १० पैकी ७, आणि खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत येऊन बसायची टेस्ट, टीयूजी, १६ सेकंद. बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या की मान पण आखडती अधनंमधनं. मी केसपेपरवर एका ओळीत लिहून ठेवलं, मान नंतर बघू. नंतर म्हणजे कधी, ते लिहिलं नव्हतं.

आयएफटी, शेक, क्वाड्सचे व्यायाम, उठबस, सगळं सुरू झालं. तीन आठवड्यांत सहावी व्हिजिट. दुखणं ४ वर आलं होतं, मावशी खूश, मी पण खूश. त्या दिवशी भुरभुर पाऊस होता, सूनबाई छत्री मिटत मागे थांबलेली, मावशी दाराची चौकट धरून आत आल्या आणि बोलत बोलत थेट बेडपर्यंत गेल्या. माझं लक्ष खाली गेलं तर उजवा पाय अनवाणी, डाव्या पायात चप्पल. दुसरी चप्पल बाहेर दुसऱ्या पायरीवर भिजत पडलेली.

मी म्हटलं, मावशी, चप्पल राहिली की बाहेर. त्यांनी पायाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "व्हय की. कवा निसटती कळतच न्हाई मॅडम, परवा बाजारात बी असंच झालं."

हे "कळतच नाही" मला टोचलं. चप्पल सैल असेल तर निसटते, पण निसटलेली कळते ना. गुडघ्याच्या संधिवाताने पाय दुखेल, वाकेल, जड होईल, पण पायात चप्पल आहे का नाही ही जाणीव जायचं काही कारण नाही. मी चप्पल आणून दिली आणि आधी टीयूजी परत घेतली. २१ सेकंद. दुखणं ७ वरून ४ आणि चालणं १६ वरून २१. म्हणजे दुखणं कमी होत असताना चालणं बिघडत होतं, आणि मी तीन आठवडे फक्त दुखण्याचा आकडा विचारून समाधानी होते.

पहिला विचार शुगरचा आला. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, चप्पल निसटते, हे तर आपण कॉलेजपासून ऐकतो. पण तसं असेल तर रिफ्लेक्स, म्हणजे छोट्या हातोडीने ठोकल्यावर पाय आपोआप उडतो ते, मंद व्हायला हवेत, आधी घोट्याचा जातो. हॅमर ड्रॉवरमध्ये जेलच्या बाटल्यांखाली होता, शोधून काढला. गुडघ्यावर हलकंच मारलं तर पाय जोरात उडाला. घोट्याचा तसाच. पाऊल झटक्यात वर दाबून धरलं तर ते हातात थडथडायला लागलं, पाच-सहा ठोके, क्लोनस. तळपायावरून हॅमरचं टोक फिरवलं तर अंगठा वर गेला, बॅबिन्स्की. शुगरचा विचार तिथे मागे पडला. रिफ्लेक्स मंद नाहीत, उलट वाढलेले, ही मज्जारज्जू दबल्याची भाषा होती.

आता प्रश्न, कुठल्या पातळीवर. पाठीच्या मणक्यात असेल तर हात नॉर्मल असणार. म्हणून मी विचारलं, हातांचं काय, भाकरी, बटणं वगैरे? मावशींच्या आधी सूनबाई बोलली, "धारंला आता मीच बसतीय. आत्यांचा हात चालत न्हाई, दोन-अडीच महिनं झालं." मावशी म्हणाल्या, "वय झालं की गं." मी त्यांना दोन्ही हात पुढे करून मुठी झाकायला-उघडायला सांगितल्या, जमेल तितक्या भरभर, १० सेकंद. साधारण २० च्या पुढे जायला हवं, मावशींच्या झाल्या ११, आणि उघडताना करंगळीकडची बोटं मागे राहत होती. धार काढणं म्हणजे तेच ना, मूठ आवळ, सोड, आवळ, सोड. मी ज्या टेस्टसाठी घड्याळ लावलं ती टेस्ट त्या घरी रोज दोन वेळा नापास होत होत्या, फक्त मी कधी विचारलं नव्हतं.

मधल्या बोटाचं नख टिचकीसारखं सोडलं तर अंगठा आत वाकला, हॉफमन. मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला हॅमर मारला तर कोपर वाकायच्या ऐवजी बोटं मिटली, याला उलटा सुपिनेटर म्हणतात, म्हणजे मानेतल्या सी५-सी६ मणक्यांच्या आसपास काहीतरी. जबड्याचा रिफ्लेक्स मात्र नॉर्मल, म्हणजे गडबड मेंदूत नाही, त्याच्या खाली. फिजिओथेरपीतले संशोधक चॅड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली पाच गोष्टींचा एक संच मांडला होता, बिघडलेलं चालणं, हॉफमन, हा उलटा सुपिनेटर, बॅबिन्स्की आणि वय ४५ च्या वर. पाचांतल्या तीन असल्या तरी मानेत मज्जारज्जू दबला असण्याची शक्यता खूप वाढते, मावशींना पाचही होत्या. हे सगळं मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. माहिती कमी नव्हती, चिठ्ठीवर गुडघा लिहिलं होतं म्हणून मी गुडघ्याच्या बाहेर पडलेच नव्हते.

शेवटी लघवीचं विचारलं, मज्जारज्जू दबला की तिच्यावरचा ताबाही सुटू शकतो. त्या सूनबाईकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "घाई हुती, थांबत न्हाई. पर ते गुडघ्याच्या डॉक्टरास्नी काय सांगायचं."

आणि मला घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीने. आदल्या व्हिजिटला मीच म्हणाले होते, पुढच्या आठवड्यापासून मानेला ट्रॅक्शन, म्हणजे ताण द्यायला सुरू करू, जरा मोकळी होईल. दबलेल्या मज्जारज्जूवर ट्रॅक्शन, म्हणजे इजा वाढायची भीती. पावसाने त्यांची एक व्हिजिट चुकली नसती तर मी ते लावलं असतं.

सांगायचं कसं हे त्या क्षणी अवघड होतं. मी एवढंच म्हणाले की मावशी, गुडघे दुखतात ते खरंच आहे, पण चालणं आणि हात बिघडलेत ते बहुतेक मानेतून, आणि याची तपासणी आता लांबवायची नाही. मग त्यांच्यासमोरच ऑर्थो सरांना फोन लावला. निदान सांगायचं नाही, सापडलं ते सांगायचं असं ठरवून क्रमाने सांगितलं, टीयूजी १६ ची २१, क्लोनस, बॅबिन्स्की, दोन्ही हातांना हॉफमन, मुठी ११, लघवीची घाई, मानेचा एमआरआय लवकर व्हावा असं वाटतंय. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग "उद्या सकाळी पाठवा". माझा अनुभव असा की नुसतं "काहीतरी वेगळं वाटतंय सर" म्हटलं की फोन दोन मिनिटांत संपतो, आकडे सांगितले की ऐकून घेतात.

एमआरआयमध्ये सी४-५ आणि सी५-६ ला मज्जारज्जू दबलेला, आत सिग्नल बदललेला, म्हणजे रज्जूला इजा झाल्याची खूण. मिरजेला मानेच्या पुढच्या बाजूने ऑपरेशन झालं, दोन्ही लेव्हलचं.

त्यानंतर केसपेपरवर मी एक रकाना वाढवलाय, "काय जुळत नाही". प्रत्येक तिसऱ्या व्हिजिटला तो भरल्याशिवाय मशीन लावायचं नाही. गुडघ्याच्या प्रत्येक पेशंटला हातांचं एक वाक्य विचारते, आणि हॅमर आता टेबलावर असतो. शेजारच्या गावातले दोघं फिजिओ आणि मी महिन्यातून एका रविवारी बसतो, बरे झालेले पेशंट तिथे आणायचे नाहीत, अडकलेले आणायचे. पहिल्या रविवारी मी हीच केस ट्रॅक्शनसकट सांगितली, सांगताना आवाज कापत होता, पण मग त्यातला एकजण म्हणाला माझ्याकडे पण एक गुडघा आहे, दुखत नाही पण पडतो, आणि आम्ही तासभर त्याच पेशंटवर बोललो.

ऑपरेशनचा मुख्य हेतू बिघाड थांबवणं असतो, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, हे मावशींना सर्जननेही सांगितलं होतं आणि मी पण. चार महिन्यांनी त्या फॉलोअपला आल्या, मागे पट्टा असलेली सँडल घालून. मुठी १७ झाल्या, टीयूजी १४. गुडघे अजून दुखतात, त्याचे व्यायाम चालू आहेत. घरी दोन म्हशी आहेत, गरीब आहे तिची धार त्या स्वतः काढतात, दुसरीला अजून सूनबाईच बसते.