ओहोटीला कड्याच्या पायथ्याशी

आज ओहोटी चांगली लागली होती, म्हणून कड्याला हात लावता येईल इतकं जवळ जाता आलं. एरवी पाण्याखाली असणारा सपाट खडक उघडा पडला होता. भूगोलातला तरंगघर्षित मंच तो हाच. म्हणजे मी उभा होतो तिथे पूर्वी कडाच होता, लाटांनी तो मागे नेलाय!

लाट आदळली की खडकाच्या भेगेतली हवा दाबली जाते आणि लाट सरताच ती एकदम प्रसरण पावते. दिवसरात्र हेच. सोबतचे गोटे आणि वाळू पायथा घासत राहतात. पण मला जास्त गुंतवलं ते वरच्या भागाने, जिथे लाट पोचतही नाही. तिथे तुषारांतलं खारं पाणी छिद्रांत सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण सुटे होतात. अख्ख्या कातळाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली होती. किती वेळ बघत बसलो!

समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला, म्हणजे भूशिराला, सर्वात जास्त मार बसतो, कारण उथळ पाण्यात लाटा वळून त्याच्यावरच एकवटतात. आधी गुहा, मग कमान, छत पडलं की एकटा स्तंभ. माल्टातल्या गोझो बेटावरची 'अझूर विंडो' ही खडकाची कमान तर ८ मार्च २०१७ रोजी वादळात खांबासकट गेली.

कोसळलेला दगड झिजून शेवटी शेजारच्या पुळणीची वाळू होतो. म्हणूनच दिसेल त्या कड्यापुढे भिंत बांधणं मला पटत नाही. कडा थांबतो, पण पुढच्या पुळणीला मिळणारी वाळूही थांबते.